सदर ठिकाणी दोघे आढळून आले

गावाचं नाव लिहीत नाही. नांदेडहून लातूरकडे येताना लागणारं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तिथले साहेब म्हणतील, आमच्याकडेच का बोट दाखवता. आणि बाकीच्या नगरपरिषदांमधले साहेब निवांत होतील की बरं झालं, आपलं नाही. मला कुणालाच निवांत करायचं नाही.

त्या वर्षी भाद्रपदात नाल्याला पाणी आलं आणि पुलाच्या अंगाला असलेली नऊ पालं वाहून गेली. पाल म्हणजे बांबू, ताडपत्री आणि जुन्या फ्लेक्सचे तुकडे. एका फ्लेक्सवर कुणा पुढाऱ्याचा वाढदिवसाचा हसरा चेहरा होता, तो तेवढा नंतर बाभळीला अडकलेला सापडला. माणसं वाचली. नगरपरिषदेने त्या नऊ बिऱ्हाडांना एका मंगल कार्यालयात आणून ठेवलं आणि पेपरात फोटो दिला. चातुर्मास चालू होता, लग्नाच्या तिथी नव्हत्या, कार्यालय तसंही रिकामंच होतं. कार्यालयाचे मालक म्हणजे मोंढ्यातले, धान्यबाजारातले, आडत व्यापारी. कपाळाला विभूतीचे पट्टे, बोलायला सरळ. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं की तुळशीचं लग्न लागेपर्यंत राहा, पुढे माझ्या तारखा लग्नांना गेलेल्या आहेत, तेव्हा मला बोल लावू नका. मी त्यांना कधी बोल लावला नाही. ज्याचं कार्यालय तो तारीख सांगणारच. माझं भांडण ज्यांनी तारीख सांगितली नाही त्यांच्याशी होतं.

नगरपरिषदेचं म्हणणं असं की बंद पडलेल्या एका शाळेच्या खोल्या दुरुस्त करून देऊ. कधी, ते कुणी बोलत नव्हतं. आणि खोल्या होण्याआधीच कार्यालय सोडावं लागलं तर जिल्ह्याच्या गावी बेघरांसाठी निवारा आहे, तिकडे पाठवू. तसले निवारे मी पाहिलेत. खाली पुरुष, वर बायका, संध्याकाळी मधलं दार बंद. हा नियम कुणी वाईट बुद्धीने केलेला नसतो. पण करणाऱ्याने मनात धरलेलं असतं की बेघर माणूस एकटाच असतो.

आमच्या नऊ बिऱ्हाडांत एक बिऱ्हाड दोघांचं होतं. मावशी एसटी स्टँडच्या बाहेर पोत्यावर कोथिंबीर, कढीपत्ता, लिंबं घेऊन बसायची. तिचे मालक मोंढ्यात हमाली करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू कायमची लुळी पडली. बोलणं तोंडातल्या तोंडात राहायचं, ते एकट्या मावशीला कळायचं. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, धुणं-पुसणं सगळं ती करायची. स्टँडवर जायची तेव्हा शेजारच्या बायका बघायच्या, पण दर दोन तासांनी ती एक फेरी मारून जायचीच. त्या निवाऱ्यात गेली असती तर मालक खाली आणि ती वर. म्हणजे बाकीच्या आठांसाठी प्रश्न छपराचा होता. तिच्यासाठी छप्पर कुठलंही चालणार होतं, फक्त एक पाहिजे होतं.

हे मला तेव्हा समजलं होतं का? कागदावर समजलं होतं. मी पत्रकात लिहिलंही होतं, 'कुटुंबांची ताटातूट सहन केली जाणार नाही.' ठळक अक्षरात. नांदेडला शिकायला असताना मी पत्रकं लिहायला शिकले, आणि पत्रक लिहिणाऱ्याची एक खोड असते: वाक्य जमलं की काम झालं असं वाटतं.

काम करायची आमच्या संघटनेची एक ठरलेली रीत आहे. आधी निवेदन द्यायचं. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्यायचा, त्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं धरतात. मग आठ दिवस वाट बघायची. मग धरण्याची नोटीस, तिचीही पोच. मग धरणं. धरण्याला माणसं किती आली हे फोटोत दिसलं पाहिजे, कारण पेपरवाला मजकूर वाचत नाही, फोटो बघतो. ही रीत मला थोरांनी शिकवली होती आणि मी ती डोळे झाकून पाळत होते.

दिवाळी झाली, शाळेच्या खोल्यांना कुणी हात लावला नव्हता. मी नोटीस दिली. वार लिहिला, वेळ लिहिली, 'मंगल कार्यालयातील सर्व कुटुंबे आपल्या सर्व सामानासह नगरपरिषदेसमोर बसतील' असं लिहिलं, आणि पोच घेऊन अभिमानाने फाइलला लावली.

आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन मी सगळ्यांना सांगितलं की भांडी, गोधड्या, बोचकी, सगळं घेऊन चला. लोकांनी विचारलं, बोचकी कशाला? मी म्हटलं, फोटोत बेघर दिसले पाहिजेत. हे वाक्य मी बोलले. आज लिहिताना लाज वाटते, पण बोलले.

सगळे तयार झाले. मावशी तेवढी नाही म्हणाली. मी म्हटलं, मालकांना आपण ऑटोत घालून नेऊ, फोटो अजून चांगला येईल. ती त्यांच्या पायाला तेल चोळत राहिली. मी पुन्हा समजावलं, एकजूट, ताकद, जे काय बोलतात ते सगळं. ती म्हणाली, "मी हितून हालत न्हाई. तुमी जावा."

मला राग आला. सगळ्यांच्या देखत मी तिला म्हटलं, "म्हणजे बाकीच्यांनी उन्हात बसायचं आणि खोली मिळाली की तुम्ही आयत्या येऊन राहायचं."

तिने वर पाहिलं. "हाव," म्हणाली, "आयतीच येईन. तू जा माय, तुला उशीर होईल."

बायका हसल्या. मला वाटलं, तिला हसल्या.

धरणं झकास झालं. आठ बिऱ्हाडं, बोचक्यांचा ढीग, मधे चुलीवरचं काळं पातेलं मुद्दाम पुढे ठेवलेलं. घोषणा दिल्या. नगरपरिषदेच्या फाटकातून एक शिपाई आला आणि सांगून गेला की मुख्याधिकारी साहेब मीटिंगमध्ये आहेत, स्वतः बाहेर येऊन निवेदन घेणार आहेत, थोडं थांबा. तासाभराने ऑफिसकडून सगळ्यांना चहा आला. इतक्या वर्षांत धरण्याला ऑफिसचा चहा आलेला मी पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, घाबरले. मी भाषणात तसं म्हटलंसुद्धा, की ह्या चहाने आमचा राग थंड होणार नाही. टाळ्या पडल्या. आणखी दोन तासांनी साहेब आले, निवेदन घेतलं, फोटो काढू दिला, सहानुभूतीने विचार करू म्हणाले आणि गेले.

आम्ही बोचकी उचलून कार्यालयाकडे परत निघालो. कार्यालयासमोर पंक्चरचं दुकान आहे. तिथला पोरगेलासा कारागीर आम्हाला बघून रस्त्यातच आडवा आला आणि म्हणाला, ताई, तुमी तिकडं घोषणा देऊन राहिल्या आन् हितं तुमचा कार्यक्रम लागला व्हता.

त्याने सांगितलं ते असं. आम्ही गेल्यावर तासाभरात नगरपरिषदेची गाडी आली. एक अभियंता, एक लिपिक, एक शिपाई, आणि शिपायाच्या हातात नवं कोरं कुलूप. त्यांना पंचनामा करायचा होता. पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणून त्यांनी ह्याला आणि शेजारच्या दुकानातल्या मांडववाल्याला बोलावलं. कागद ऑफिसातूनच टाइप करून आणला होता, फक्त वेळेची जागा मोकळी. त्यात लिहिलं होतं की समक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी कोणीही वास्तव्यास आढळून आले नाही, कोणतेही सामान आढळून आले नाही, सबब तात्पुरत्या निवाऱ्याची गरज संपुष्टात आलेली असून इमारत बंद करून मालकाच्या ताब्यात देण्यात येत आहे.

कोणतेही सामान आढळून आले नाही. आढळणार कुठून? सामान मी फोटोला नेलं होतं. इमारत मीच रिकामी करून दिली होती, आणि किती वाजता रिकामी होणार तेही मीच लेखी कळवून वर शिक्का घेतला होता. हे त्यांनी ठरवून केलं की नाही, माझ्याकडे पुरावा नाही. चहाची चव मात्र अजून तोंडात आहे.

पण कार्यालयाच्या दारात, ऐन उंबऱ्यावर, मावशी बसली होती. मालकांची गोधडी तिने ओढत दारापर्यंत आणली होती आणि ते दारात आडवे होते, डोकं तिच्या मांडीवर. त्यांना ओलांडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं आणि ते उठल्याशिवाय दार लागत नव्हतं.

लिपिकाने पंचांपुढे कागद धरला. पंक्चरवाला वाचून म्हणाला, "साहेब, कोनीच न्हाई म्हन्ता, मंग हे दोगं कोन हायेत? भुतं हायेत का?"

लिपिक म्हणाला, हे राहणारे नसतील, पाहुणे असतील कुणाचे.

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "हाव, पावनेच हाव. तुमीच तर आनलं गाडीत घालून, फोटू काडून. पावन्याला बसा म्हना आता, पानी इचारा."

मांडववाला मोठ्याने हसला आणि हसला की सही होत नाही. अभियंता बराच वेळ फोनवर बोलत बाजूला उभा राहिला. शेवटी टाइप केलेल्या ओळीवर पेनाने रेघ मारली आणि वर हाताने लिहिलं: 'सदर ठिकाणी दोन इसम (एक स्त्री, एक पुरुष) आढळून आले.' मग पंचांनी सह्या केल्या. ज्या इमारतीत माणसं आढळली तिला कुलूप लावता येत नाही. कुलूप आलं तसं परत गेलं. पंक्चरवाल्याने मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता, तो मला दाखवला. रेघेखालची टाइप केलेली ओळ स्पष्ट वाचता येत होती.

मी आत गेले. मावशी मालकांना भरवत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. माफी मागायला मला येत नाही. पत्रकात माफीची जागा नसते. मी एवढंच विचारलं की हे लोक कुलूप घेऊन येणार, तुम्हाला कसं कळलं?

तिला कळलं नव्हतं. ती किल्लारीच्या बाजूची. भूकंपात घर पडलं तेव्हा ती पोरवयात होती. मग पत्र्याच्या शेडात राहणं आलं, तेही तात्पुरतंच. एक दिवस सगळं घर चुलत बहिणीच्या लग्नाला निलंग्याला गेलं, आणि नेमकं त्याच दिवशी कुणी माणसं वही घेऊन शेडं बघत फिरली. त्यांच्या शेडाला कडी होती. वहीत लिहिलं गेलं, बंद. बाकीच्यांना घरं मिळाली. तिचा बाप तो एक शब्द खोडून घ्यायला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिला.

"तवापासून कुटंबी जायाचं आसलं की माय एकाला मागं ठिवायची," ती म्हणाली. "लगीन आसू दे न्हाईतर मयत आसू दे. एक जन घरी." मग घास थांबवून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू शिकलेली हायेस. तुला हे कुनी शिकिवलं न्हाई?"

नाही शिकवलं. माझ्या थोरांना माणसं गोळा करता येत होती. माणसं जागेवर ठेवायची अक्कल कुणाकडे नव्हती.

त्या दिवसापासून कार्यालयात पाळ्या लागल्या. बाहेर काहीही होवो, दोन मोठी माणसं आत. पाळ्या मावशीने लावल्या, मी त्या फळ्यावर लिहिल्या, तो फळा लग्नात वधूवरांची नावं लिहायचा होता. आणि पुढच्या वेळी ऑफिसात कोण जाणार हेही तिनेच ठरवलं.

"ह्या खेपेला मी जाते," ती म्हणाली. "तू मालकापाशी बस."

मी म्हटलं, मुख्याधिकाऱ्यांशी बोलायचं असतं, नियम माहीत पाहिजेत.

"नेम मला दोनच म्हाईत हायेत. एक जन घरी, आन् बसलं की उटायचं न्हाई. तू बस."

तुळशीच्या लग्नाला तीन दिवस राहिले होते. ती चार बायका घेऊन गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आंदोलनाच्या दिवशी घरात बसले. मालकांना वळवायचं कसं ते ती दाखवून गेली होती, पण दाखवणं वेगळं आणि करणं वेगळं. हमालाचं अंग ते, निम्मं झालं तरी जड. दोनदा मी त्यांना निम्म्यात सोडलं. मग ते काहीतरी बोलायला लागले. मला कळेना. पाणी? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लघवीला? मान हलवली. तंबाखू? थोडा विचार करून मान हलवली. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी डाव्या हाताने माझ्या मांडीकडे बोट दाखवलं. मी त्यांच्या लुळ्या हातावर बसले होते. त्याला काही जाणवत नव्हतं, पण हात त्यांचा होता आणि ते मगापासून बघत होते. मी उठले तेव्हा ते हसले, अर्ध्या तोंडाने, आणि त्यानंतरचं त्यांचं बोलणं मला जरा जरा कळायला लागलं.

तिकडे ऑफिसात काय झालं ते बायकांनी येऊन सांगितलं. मावशीने निवेदन दिलं नाही. ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन जमिनीवर बसली. साहेब म्हणाले, प्रस्ताव वर गेला आहे. ती म्हणाली, येऊ द्या, बसते. साहेब म्हणाले, किती वेळ लागेल सांगता येत नाही. तेव्हा ती म्हणाली, "तुमी जरा लवकर लिवा साहेब. तिकडं आमचे मालक एका नवशिक्या पोरीच्या हातात हायेत. त्यास्नी काय झालं तर तुमच्यावर येईल."

हे सांगताना बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या आणि ह्या वेळी कुणाला हसतायत ते मला बरोबर कळत होतं.

साहेबांनी तिला पेनाने रेघ मारलेला पंचनामा दाखवायला सांगितला नव्हता. तिनेच पंक्चरवाल्याकडून त्या फोटोची प्रिंट काढून नेली होती. ती तिने टेबलावर ठेवली. रेघेखालची ओळ साहेबांनी वाचली. दिवस मावळायच्या आत हुकूम निघाला: शाळेच्या तीन खोल्या, नऊ बिऱ्हाडं, कुटुंबांनी एकत्र राहावे. 'एकत्र' हा शब्द तिने तिथेच लिपिकाकडून तीन वेळा वाचून घेतला होता.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही हललो. आधी दोन माणसं शाळेत जाऊन बसली, मग बाकीचे निघाले. हे आता कुणाला सांगावं लागत नव्हतं. मालकांना टेंपोत कसं न्यायचं हा प्रश्न होता. कार्यालयाच्या मालकांनी स्टेजवरची नवरदेवाची लाल मखमली खुर्ची काढून दिली आणि बजावलं की दुपारपर्यंत परत पाहिजे, मांडववाले येतात. मावशीचे मालक त्या खुर्चीत बसून बाजारपेठेतून गेले. मोंढ्याच्या कोपऱ्यावर जुने हमाल उभे होते, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

खोलीला खिडक्या होत्या, दाराला फळ्या नव्हत्या. फरशी उखडलेली, भिंतीवर बाराखडी. मावशीने कोपरा झाडला, गोधडी टाकली, मालकांना निजवलं. तेवढ्यात तोच लिपिक आला. हातात हमीपत्रांचा गठ्ठा आणि शाईचा पॅड. ताबा देण्याआधी प्रत्येकाचा अंगठा पाहिजे, म्हणाला.

मावशीने मला वाचायला लावलं. मी मोठ्याने वाचलं: सदर खोली तात्पुरत्या स्वरूपात मिळाली असून तीन महिन्यांत, पर्यायी जागेची कोणतीही मागणी न करता, मी स्वखुशीने रिकामी करून देईन.

"सवखुशीनं," ती म्हणाली. "आन् मंग कुटं जावं?"

लिपिक म्हणाला, ते ह्यात लिहिलेलं नसतं.

"मंग जवा लिवाल तवा अंगटा देईन."

तो म्हणाला, अंगठ्याशिवाय ताबा देता येत नाही. ती म्हणाली, अंगठा तुम्ही माझ्या गोधडीवर उभं राहून मागताय, जरा बाजूला व्हा, मळतीये. तो बाजूला झाला. दारात बाकीची आठ बिऱ्हाडं बोचकी घेऊन उभी होती आणि एकही जण पुढे येत नव्हता. मी हमीपत्र लिपिकाला परत दिलं. माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

मग त्याने मालकांकडे मोर्चा वळवला. कुटुंबप्रमुख हेच आहेत ना, म्हणाला, ह्यांचा चालेल. पॅड उघडून तो गुडघ्यावर बसला आणि मालकांचा उजवा हात धरला. मावशी पुढे झाली. मालकांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं आणि लिपिकाकडे बघून काहीतरी म्हणाले.

लिपिकाने मला विचारलं, काय म्हणतायत?

"त्यो हात मेलेला हाय, असं म्हणतायत," मी म्हटलं. "मेलेल्याचा अंगठा तुमच्या कायद्यात चालतो का ते बघा."

त्याने तो हात घाईने सोडला आणि डाव्या हाताकडे वळला. पण मालकांनी डावा हात तोवर गोधडीखाली घातला होता, आणि गोधडी घट्ट धरून ते छताकडे बघत पडून राहिले. लिपिक थोडा वेळ उघडा पॅड घेऊन तसाच बसला. शाई वाळायला लागली तेव्हा झाकण लावून उठला.

ती नऊच्या नऊ हमीपत्रं अजून त्याच्या गठ्ठ्यात कोरी आहेत. मावशी खोलीत आहे.